प्रश्न क्रमांक सतरा

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चारदा आपटी खाल्ल्यावर
ही पाचवी परीक्षा मी मोबाइलवर दिली,
भंवरकुआंला झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर बसून.
अठ्ठावीस प्रश्न, वीस मिनिटं.

तुम्ही नेहमी हसतमुख असता का?
पूर्ण सहमत.
आठ तास उभं राहायला आवडतं का?
पूर्ण सहमत.
('आवडतं' हा शब्द कोणी घातला असेल?)
मग सतरावा :
सहकाऱ्याने विक्रीचं बिस्किट खाल्लेलं दिसलं
तर आपण काय कराल?
चार पर्याय. मी थांबलोही नाही.
क. ताबडतोब वरिष्ठांना कळवीन.
ज्याने कलमं आणि परिशिष्टं पाठ केली
त्याला एवढं तर कळतंच,
की पेपर काढणाऱ्याला काय हवंय.

मुलाखतीतल्या बाईंनी विचारलं,
सात वर्षं काय करत होतात?
म्हणालो, तयारी.
कशाची, ते त्यांनी विचारलं नाही.
इंदूरमध्ये ते कोणी विचारत नाही.

विजय नगरच्या दुकानात माझा बिल्ला आला :
हृषीकेश हलबे.
ळ कुठे गेला म्हटल्यावर शिफ्ट इन्चार्ज
(वय तेवीस, मी त्याला सर म्हणतो)
म्हणाला, 'मशीन में ये वाला है नहीं, भिया.'
रात्री आई बिल्ला हातात घेऊन
त्या जागेवर अंगठा घासत राहिली,
खरवडून खालून काही निघतंय का बघत.

तेल खालच्या फळीवर. शाम्पू डोळ्यांसमोर.
चॉकलेटं तीन वर्षांच्या पोराच्या हाताला लागतील अशी.
जुना माल पुढे, नवा मागे,
हे तर पहिल्याच दिवशी शिकवतात.
सरांनी मला दाराशी स्वागताला उभं केलं
तेव्हा ते आठवून मी एकटाच हसलो.
हसतमुख, म्हणून सरांनी नोंद केली.

धनत्रयोदशीला अनुपम जोगळेकर आला, आमच्या बॅचचा.
नायब तहसीलदार झालाय, सीतामऊला की मनासाला.
मी गल्ल्यावर होतो. काजू, पणत्या, दोन प्रेशर कुकर.
त्याने मला ओळखलं,
मग ओळखलं नाही असं ठरवलं,
मग कार्ड परत घेताना पुन्हा ओळखलं.
'नोट्स आहेत का रे अजून तुझ्याकडे?'
'भूगोलाच्या आहेत.
पिशवी देऊ? दहा रुपये.'

एकतीस मार्चला रात्रभर मोजणी.
शटर अर्धं खाली, एसी बंद,
कुणीतरी पाळीपाळीने जांभया दिल्यासारखे
स्कॅनर पी पी करत होते.
फुटका माल वेगळा मोजायचा,
यादी करायची,
मग त्यावर पाणी ओतून टाकून द्यायचा,
कुणी खाऊ नये म्हणून.
अडीच वाजता त्या खोक्यापाशी गेलो
तर ममता चौकसे, सहावा महिना,
भिंतीला टेकून उभी,
हातात फाटका पुडा, गाल फुगलेला.
मला पाहिलं आणि तिचं चावणं थांबलं.

अ, ब, क, ड.
मी एक रिकामा क्रेट उलटा केला
आणि पायाने तिच्याकडे सरकवला.
ती बसली. बराच वेळ गिळलं नाही तिने, मग गिळलं.
पुडा पुढे केला, न बोलता.
यादीत मी लिहिलं :
संत्रा क्रीम, फुटके, पुडे अकरा.
होते बारा.

सकाळी सरांनी बेरीज तपासून सही केली.
साडेसहाच्या सिटी बसमध्ये
खिडकीशी जागा मिळाली, तर
दाढेत चिकटलेलं क्रीम
जिभेने उकरत बसलो
थेट पलासियापर्यंत.