धनुष्य शिकते आहे

समचोकच्या बंदरामागे, सिमेंटच्या धुरांड्याखाली
एक उतरतं मैदान आहे.
अलीकडे आम्ही, पलीकडे लाकडी लक्ष्य,
मध्ये एकशे पंचेचाळीस मीटर हवा
आणि यॉन-ओकबाईंचा कोबीचा मळा.

दिवसाच्या पहिल्या बाणाआधी
प्रत्येकानं म्हणायचं असतं, "धनुष्य शिकतो आहे."
बाकीच्यांनी म्हणायचं, "पुष्कळ लागोत."
मग चकार शब्द काढायचा नाही.

मला वाटलं, हे नवख्यांसाठी असेल.
तेवढ्यात एक्याऐंशी वर्षांचे म्योंग-गू
काठी कठड्याला टेकवून ओळीत आले
आणि शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी द्यावी
तशा आवाजात म्हणाले, "शिकतो आहे."
साठ वर्षं झाली त्यांना, शिकायला लागून.

मी आले ती खांद्यापायी.
एकतीस वर्षं स्क्विड चिरले.
पोट फाडायचं, शाईची पिशवी काढायची, दोरीवर टांगायचं.
उजवा खांदा धरला तो धरलाच.
डॉक्टर म्हणाला, हात वर नेत चला.
कशासाठी वर नेऊ, ते काही बोलला नाही.

पहिले चार महिने बाणच नाही हातात.
नुसती प्रत्यंचा ओढायची,
गालाशी आणायची, धरायची,
आणि सोडायची नाही,
जशी ओढली तशीच हळूहळू परत न्यायची.
सोडणं सोपं असतं.
ओढलेलं परत नेणं मला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.
सुनेला विचारा. तीन वर्षं झाली, ती फोन करत नाही.

मग बाण मिळाले. पाच.
पाचही कोबीत.
यॉन-ओकबाई संध्याकाळी ते आणून देत,
एकदा तर बाणासकट गड्डाच आणला,
"हा आता तुझाच," म्हणाल्या.

मी म्हटलं, वारा समुद्राकडून येतो.
म्हटलं, अंगठ्याची कडी सैल आहे.
म्हटलं, शेजारचा खोकतो नेमका तेव्हाच.
भिंतीवर पाटी आहे: चुकलं तर स्वतःत शोध.
ती वाचून मी शेजाऱ्याकडे बघायची.
म्योंग-गू आपली तार मेणानं घासत बसले होते.
"वारा तुझ्या आधीपासून वाहतोय," म्हणाले,
आणि पुन्हा घासू लागले.

अंगठा सुजला, उतरला, घट्टा पडला.
खांद्यातली कळ एक दिवस नव्हती,
कधी गेली ते कळलं नाही,
पाहुणा न सांगता निघून जावा तशी.

बाणांचा पल्ला वाढत गेला, मळा मागे पडला.
ते लक्ष्याच्या डावीकडे पडू लागले.
मग बरेच आठवडे डावीकडेच.
डावीकडचं गवत मला तोंडपाठ झालं.

परवा, जानेवारीतल्या धुक्यात,
चौथा बाण सुटला आणि दिसेनासा झाला.
मी हात तसाच ठेवला.
श्वासभर काही नाही.
मग पलीकडून,
ओल्या लाकडावर कुणी मूठ मारावी
तसा आवाज. ठप्प.

दिवा लागला नाही.
लागला की लुकलुकतो, तो तांबडा दिवा
थंडीनं बिघडला होता की काय कोण जाणे.
लक्ष्याला रबर लावलेलं, बाण आपटून खाली पडतो,
खूणही राहत नाही.
ओळीत सहा जण होते. कुणी बोललं नाही.
बोलायचं नसतंच.
वहीत शून्य लिहिलं, माझ्याच हातानं,
आणि पाचवा बाण लावला.
तो डावीकडे गेला.

रात्री सुनेला मीच फोन केला.
ती म्हणाली, "आज कशी काय आठवण झाली?"
शब्द ओठांपर्यंत आला होता,
टोकदार, पिसं लावलेला.
गालाशी धरला. एक, दोन, तीन...
खांदा थरथरला.
हळूहळू परत नेला.

"हॅलो?" ती म्हणाली. "आहात ना?"

आहे, म्हटलं.
खिडकीबाहेर दोरीवर स्क्विड वाळत होते,
त्यांच्यातून वारा जात होता,
आणि बराच वेळ
आम्ही दोघींनीही फोन ठेवला नाही.