पाचवं घर

बदलीच्या कागदावर माझं एकटीचं नाव होतं.
रुजू व्हायला सात दिवस, सामानाला एक टेम्पो.
मांजरांचा रकाना नव्हता कुठे.

सेलूच्या मंडईतून टोमॅटोचे चार क्रेट आणले,
दोन खाली, दोन वरून उपडे, कडेनं सुतळी,
तळाशी माझी जुनी सुती साडी फाडून.
एकात सुपारी, दुसऱ्यात तहसीलदार
(हाक मारली की येत नाही, म्हणून हे नाव).
तिसरी, भुरी, पहाटेपासून गायब.
वाटी वाजवली, सुकटीची पुडी फोडली,
शेजारच्या पत्र्यावर चढून पाहिलं.
खय्यूमभाई म्हणाले, "मॅडम, ऊन चढायलंय."

पाथरीपर्यंत तहसीलदार एकाच सुरात ओरडला,
सगळा रस्ता जसा त्याच्या अंगावरून चालला होता.
गोदावरीच्या पुलावर एकदम गप्प.
पाण्याचा वास आला असावा.
किंवा मी जाळीतून बोट आत घातलं, म्हणून.

सोनपेठच्या पुढं एक काळं मांजर आडवं गेलं.
करकचून ब्रेक. गाडी बाभळीखाली.
"कुणाला तरी आधी जाऊ द्या."
अहो, दोन तर माझ्या पायाशी आहेत, मी म्हटलं.
"ती आडवी कुठंयत? ती तर
उभ्या रस्त्यानं चाललीत आपल्यासंगं."
मग उसाचा एक ट्रॅक्टर गेला पुढं,
आमचं अरिष्ट घेऊन,
मोठ्यानं गाणी लावून.

परळीची धुराडी दिसली आणि सुपारीनं मुतलं.
साडीतून, क्रेटमधून, माझ्या पावलावर, गरम.
मी पाय काढला नाही.
घाट लागेपर्यंत ते वाळून गेलं.

आई म्हणायची, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते.
सात का, हे तिनं सांगितलं नाही,
आठव्यात काय होतं, तेही नाही.
माझं हे पाचवं.

अंबाजोगाईत पहिल्याच रात्री लाईट गेली, आली,
मी उठले आणि बटणासाठी डावीकडे हात नेला.
तिथं भिंत होती नुसती, चुन्याची, थंड.
दोन्ही हातांनी चाचपत गेले,
पातेल्यांना धडकले, पोत्याला अडखळले.
कपाटावरून चार डोळे बघत होते.
त्यांनी संध्याकाळीच सगळी खोली
मिशांनी मोजून ठेवली होती.

चौथ्या दिवशी कौसाबाईंचा फोन आला सेलूहून.
"आलीय ती. तुमच्या कुलपाखाली बसायलीय रोज,
साडेपाचला."
साडेपाचला मी ऑफिसातून यायचे.
दूध पीत नाही म्हणे, नुसती दाराकडे बघते.
मी म्हटलं, तिच्या कानाशी धरा जरा फोन.
त्यांनी धरला.
मग काय बोलावं, सुचेना.
तिकडून श्वास ऐकू येत होता,
कौसाबाईंचाच असावा.