सही कोणाची

आर्डिथ हाव्लिचेक तिसऱ्यांदा आली आहे.
कोर्टाच्या इमारतीची लिफ्ट मार्चपासून बंद,
म्हणून दारात आधी काठी येते, मग ती,
मग बराच वेळ नुसता श्वास.

या काउंटीतल्या माजी सैनिकांचे कागद मी बघतो.
टेबलावर छोटा झेंडा, स्टेपलर,
आणि एक जाड पुस्तक, ज्यात 'व्हेटरन' या एका शब्दाला
एकतीस पानं लागली आहेत.

वीस वर्षं नॅशनल गार्डमध्ये, ती सांगते.
मला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते:
महिन्यातला एक शनिवार-रविवार, उन्हाळ्यात पंधरा दिवस,
पाच टनी ट्रक, पोरं शेजारणीकडे.
आणि प्लॅट नदी फुगली तेव्हाचे एकोणीस दिवस.
बांधावर वाळूची पोती. पाण्यातून डुकरं वाहत होती.
गॅसची एक पांढरी टाकी
स्वतःभोवती फिरत, शिट्टी वाजवत गेली.
पहाटे तीनला पोत्यांची थप्पी सरकली
आणि तिचा गुडघा तिच्याखालून निघून गेला.

आदेशावर सही कोणाची होती?
तिसऱ्यांदा विचारतो. रकानाच आहे तसा.
राज्यपालांची.
राष्ट्राध्यक्षांची असती, तर
नेब्रास्काच्या त्याच चिखलात, त्याच पोत्याखाली
तो गुडघा देशाचा झाला असता.

'नदीला विचारायला हवं होतं,' ती म्हणते,
'कोणाच्या हुकमाने चढतेस गं बाई.'

हाच गुडघा उन्हाळी शिबिरात मोडला असता,
तंबूच्या दोरीत अडकून, मेसच्या ओल्या फरशीवर,
तरी चाललं असतं.
हे मी मागच्या खेपेला सांगितलं होतं.
सांगायला नको होतं.

एक गोष्ट मात्र कधीच सांगितली नाही.
मी जर्मनीत दोन वर्षं ब्लँकेटं मोजली.
गोदाम क्रमांक चार. चौदा हजार आणि काही.
एका रविवारी सॉफ्टबॉल खेळताना
दुसऱ्या बेसकडे घसरलो, आऊट झालो,
तेव्हापासून गुडघ्यात एक खडा आहे.
दर महिन्याच्या एक तारखेला
सरकार मला त्या खड्याचे पैसे देतं.

मध्यंतरी कायदा झाला:
गार्डमध्ये वीस वर्षं काढलेल्यांना व्हेटरन म्हणावं.
म्हणावं, एवढंच. परेडमध्ये उभं राहू द्यावं, सलाम ठोकू द्यावा.
शब्द दिला,
शब्दाच्या खिशात काही ठेवलं नाही.

'म्हणजे मला काहीच लागू नाही?'

एक आहे.
मी पान उलटतो. आवाज उगाच खाली येतो.
शवपेटीवर घालायला झेंडा मिळेल.
सरकारी दफनभूमीत जागा. दगड सरकारचा,
नाव कोरायचा खर्चही सरकारचा.

ती हसते. खोकला येईपर्यंत हसते.
'मेले की पात्र.'
हो.
'आणि गुडघा? तो येईल ना बरोबर?
की त्याला राज्याची वेगळी जागा बघायची?'

माझ्या पुस्तकात त्यावर काही नाही.

जाताना पिशवीतून एक पुडकं काढून टेबलावर ठेवते.
जर्दाळूचे कोलाचे, अजून कोमट.
तिच्या आजीची कृती, बोहेमियाहून आलेली,
जिला कुठल्याच सरकारने कधी कागद मागितला नाही.
वीस डॉलरच्या आतली भेट मला चालते.
तो नियम तोंडपाठ आहे.

मग जिन्यावर काठी, पाय, काठी.
मी मदतीला उठतो. खडा टोचतो. बसतो.
खाली दार उघडल्याचा आवाज यायला
फार वेळ लागतो.

शेऱ्याच्या रकान्यात लिहितो:
नदी राज्याची होती.
खोडतो.
नवा फॉर्म घेतो, तारीख घालतो,
आणि तारखेवर बोट चिकटतं, जर्दाळूमुळे.