खाल्ल्या मिठाला

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, म्हणतात.
मला पगार मिळतो
तो नेमकं तेच विचारण्याचा.

सुवैकच्या पलीकडे, किनाऱ्यापासून अडीच किलोमीटरवर
झहरान बिन सुवैदची बाग.
आधी लिंबं गेली, मग आंबे.
खजूर उभे आहेत, पण झावळ्या कडेकडेने करपलेल्या,
पेटवून लगेच विझवलेल्या कागदासारख्या.

शफिउल पंप सुरू करतो.
वीस मिनिटं मी पाणी नुसतं वाहू देते.
पाइपात रात्रभर झोपलेलं पाणी
साक्षीला चालत नाही.
मीटरवरचा आकडा थरथरून थांबला की मग बाटली,
काठोकाठ, पाण्याखालीच झाकण लावून.
एवढासा बुडबुडासुद्धा जबाब फिरवतो.
वर मार्करने लिहायचं: सतरा.

"हे मीठ कुणाचं?" झहरान विचारतो.
त्याचा रोख उत्तरेच्या कुंपणावर.
तिथे चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी खोल बोअर मारली,
तेव्हापासून एकाच मशिदीत
दोघं एका रांगेत उभे राहत नाहीत.
कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हणते
आणि मलाच हसू येतं.

माणसं फिरतात. पाणी मात्र
खाल्ल्या मिठाला जागतं.
डोंगरातल्या काळ्या-हिरव्या दगडातून आलं
तर मॅग्नेशियमची आठवण ठेवतं,
चुनखडीत राहिलं तर कॅल्शियमची.
मस्कतच्या प्रयोगशाळेत रात्री साडेनऊला
मी सतरा नंबरचं क्लोराइड ब्रोमाइडने भागलं.
जमिनीतल्या जुन्या मिठाच्या थराचं असतं
तर उत्तर हजारांत गेलं असतं.
आलं दोनशे नव्वद.
पुन्हा भागलं. दोनशे नव्वद.
हे आडनाव समुद्राचंच.

जड ऑक्सिजनचाही दुजोरा:
आलेखावर डोंगर आणि समुद्र जोडणारी रेघ,
सतराचा ठिपका डोंगराच्या बाजूला,
पण गेल्या वर्षी होता तिथे नाही.
शंभरात आठ भाग समुद्र.
उरलेल्या ब्याण्णवात ट्रिटियमचा मागमूस नाही,
म्हणजे आकाशात बॉम्ब फुटायच्या आधीचा पाऊस.
झहरानच्या आजोबांनी विहीर खणली
तेव्हाही पाणी त्यांच्यापेक्षा वयाने मोठं,
अहो-जाहो करावं असं.
त्यातलं थोडं दक्षिणेकडच्या वादळांचं.
त्या वादळांचा समुद्र पलीकडे
रेवदंड्याला आमच्या परड्यामागे लागतो.
हे मी अहवालात लिहिलं नाही.
तसा रकानाच नाही.

आठवड्याने कागद घेऊन गेले.
माझ्या मोडक्या अरबीत म्हणाले: बहर.
कुणा एकाने आणलेला नाही.
या पट्ट्यातल्या सगळ्या विहिरींनी मिळून ओढला.
सगळ्या? सगळ्या.
ही पण? ही पण.

झहरान उठला, कुंपणापर्यंत गेला.
भावाला हाक वगैरे काही मारली नाही.
नुसता कान देऊन उभा राहिला,
तिकडचा पंप चालू आहे का.
बराच वेळ.
मग मागे न बघता शफिउलला हाताने खूण केली
आणि इकडचा थांबला.
एवढी शांतता त्या बागेत मी पहिल्यांदा ऐकली.
उद्या पुन्हा सुरू होईल, मला माहीत आहे.
खजुराला उपास कळत नाही.

कहवा आला. विहिरीच्याच पाण्याचा.
वेलची घातलेली, केशर घातलेलं,
तरी खाली मचूळ. ती चव मी ओळखते;
आमच्याकडे पाहुण्याला त्या पाण्याचा चहा देताना
आई आधी माफी मागायची.
झहरानने मागितली नाही.

पुरे असेल तर फिंजान हलवून परत द्यायचा,
असा इथला संकेत.
मी न हलवता पुढे केला.