तेवीस नंबर

रविवारी साडेनऊला भवानी पेठेतला रस्ता ओस पडायचा.
गुर्रमांच्या ओसरीवर चपलांचा ढीग ओलांडून
आम्ही पंचवीस पोरं अवकाशात शिरायचो.
'ध्रुवयान'चा कप्तान हिंदीत हुकूम सोडायचा
आणि गुर्रममावशी त्याला तेलुगूत शिव्या घालायच्या,
बायको-पोरं टाकून इतक्या लांब गेला म्हणून.

यान म्हणजे पालथं पातेलं आहे, हे दिसत होतं.
दोरीसुद्धा दिसायची.
तरी ते उडालं की
कुणी श्वास घ्यायचं नाही.

मग हलकट्टी अण्णांच्या बरणीत रॉकेट गोळी आली.
पन्नास पैशांना एक. गुलाबी, खडूसारखी,
आणि कागदाच्या आत पुठ्ठ्याचं चित्र, पाठीवर नंबर.
छत्तीस जमवा, मुंबईच्या पत्त्यावर दाखवायला पाठवा,
अवकाशवीराचा टोप मिळवा.
"हात घालायचा नाही बे. येईल तो घ्यायचा," अण्णा म्हणायचे.

दोन डोक्यांचा हिरवा राक्षस, नंबर चार,
माझ्याकडेच अकरा होता.
तेवीस कुणाकडेच नव्हता.
सत्यप्पा म्हणाला, हैदराबादला मिळतो, माझ्या मामाकडे दोन आहेत.
का बे, मामा गोळ्या खातो का तुझा?

शेवटी गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत,
अक्कलकोटचं एक शेंबडं पोर भेटलं.
एकोणीस चित्रं दिली त्याला, वर पाळण्याचे पैसे.
तेवीसवर यान नव्हतं, राक्षस नव्हता.
कप्तान एकटा बसून काहीतरी खात होता,
मागे खिडकी, खिडकीत तीन तारे.
एवढंच.
मी ते उशाशी घेऊन झोपलो.

आई विड्या वळायची. रोज हजार.
मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं,
कात्री, आणि पान कापायचा पत्र्याचा फर्मा.
त्या रात्री फर्मा सापडेना.
वीज गेलेली, धाकटी तापानं फणफणलेली,
सकाळी आठला माल पोचवायचा.
तिनं माझ्या उशाचा डबा उघडला,
चिमणीच्या उजेडात चाचपून
सगळ्यात ताठ पुठ्ठा निवडला,
पानावर कप्तानाला ठेवलं
आणि त्याच्याभोवती कात्री फिरवली.

सकाळी त्याचे चारही कोपरे कुरतडलेले.
एक तारा उडालेला.
तंबाखूचा वास तर असा, की शिंक यावी.
मी दोन दिवस जेवलो नाही;
तिसऱ्या दिवशी शेंगाची चटणी होती, जेवलो.
टोप मागवलाच नाही.
तेवीस तसा पाठवायची लाज वाटली.
पुढे मालिका मध्येच थांबली,
कप्तान परतला की नाही, कुणी सांगितलं नाही,
आणि अण्णांनी बरणीत बडीशेप भरली.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ आले.
पांढरे हातमोजे, भिंग.
"छत्तीसच्या छत्तीस!" म्हणाले,
आणि एकेक उचलून पुटपुटू लागले, "मिंट. मिंट. जवळपास मिंट."
तेवीसवर थांबले.
नाकाशी नेलं. खाली ठेवलं.
"याचे कोपरे असे कसे हो?"
मी म्हटलं, घरात वापरात होतं.
"या एका कार्डानं निम्मी किंमत गेली तुमची."

आई खाटेवर होती. तिची बोटं आता सरळ होत नाहीत,
न दिसणारी विडी धरल्यासारखी वाकून असतात.
काय म्हणतो तो, तिनं विचारलं.
सांगितलं.
ती हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली.
"त्याला सांग, आखूड होता तो माणूस,
फर्म्यापेक्षा दोराभर आखूड.
चेकरनं चारशे विड्या छाटात टाकल्या माझ्या त्याच्यापायी.
आधी ते पैसे टाक म्हणावं."

मी मराठीत सांगितलं.
पाहुणे मान हलवत हसले.
त्यांना वाटलं, आम्ही घासाघीस करतोय.