तूट

वसमतच्या मोंढ्यात मापाडी आहे मी.
कांडी मोडून सांगतो
ओल किती, माती किती, तूट किती जाईल.
लोक मानतात.

प्रयागच्या छातीतली गाठ
नांदेडच्या डॉक्टरांनी मापली, दोन पूर्णांक एक.
वेळेवर आलात, म्हणाले,
गुरुवारी भरती व्हा.
तिनं एकच विचारलं, केस जातील का?
जातील, आणि परत येतील.
त्यातलं ‘परत येतील’
अर्धापूर यायच्या आतच बसमधून उतरून गेलं.

मग साडू आला सांगत,
“पूर्णेची एक बाई हाय,
मुंबईवाल्यांनी हात टेकले होते,
आता नदीवर धुणं धुती.”
त्यानंच काकांकडे नेलं.
काका पैसे घेत नसत,
नारळ आणि सव्वा किलो हळद, बास.
पैसे घेत नाही म्हणजे खरा माणूस,
हे मीच म्हणालो.
हळदही मीच निवडली,
लॉटातली एक नंबर.
लेप, काढा, उपाशीपोटी गोमूत्र,
आणि सुई लावू द्यायची नाही, सुईनं पसरतं.

तो गुरुवार गेला.
त्याच्यामागून चौतीस गेले.

गाठ फुटली. काका म्हणाले, घाण निघतेय.
वास यायला लागला तशी
ती आपलं ताट उचलून दाराशी बसू लागली.
सत्तावन्न किलोची बाई.
उचलून न्हाणीत न्यायचो तेव्हा
हातांना आकडा कळायचा,
बेचाळीस.
अडतीस.
तोंडानं म्हणायचो, उतार पडतोय.
आणि तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा
मी, मोंढ्यात बावीस वर्षं काढलेला माणूस,
म्हणालो, बघ, हळद लागू पडली.
तिनं मान हलवली.
माझ्या मापावर तिचा विश्वास होता.

डॉक्टर रागावले नाहीत.
फाईल उघडली, दोन कागदांच्या मध्ये बोट ठेवलं.
“हे मधले आठ महिने?”
मी खिशात काहीतरी शोधत राहिलो.

पूर्णेला मागाहून जाऊन आलो.
गल्लीत विचारलं, घाटावर विचारलं.
तशी बाई कुणालाच ठाऊक नाही.
साडू म्हणाला, “मलाबी कुणीतरी सांगितलं होतं.”

अहेव गेली, म्हणून बायकांनी हळद मागितली.
डब्यात होती.
न मापता दिली.

केस शेवटपर्यंत होते.
धाकट्या बहिणीनं विंचरले,
कमरेच्या खाली आले.
गुंता होता बराच,
सोडवायला वेळ लागला.
कुणी घाई केली नाही.