डावी पुढची

रात्री साडेदहाला टेप लावली.
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत
सत्तेचाळीस सेंटिमीटर. चारही कोपरे सारखेच.
पत्र्यावर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून आकडे लिहिले,
चावी लांब, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकली.
चावी जवळ असली की या गाडीला झोप लागत नाही.

दीडला पंचेचाळीस.
साडेतीनला त्रेचाळीस.
मागच्या कंपनीच्या चिमणीतून कसलासा गोडसर वास येत होता,
थर्मासमधला चहा संपला होता,
आणि पहाटे पाचला डावी पुढची बाजू अशी बसली होती
जणू पावण्याच्या त्या शेडमध्ये येऊन
कुणी तिला आत्ताच काहीतरी वाईट सांगून गेलं.

चोणकर मॅडमनी ती तिसऱ्या हाताने घेतलेली,
नवीच्या पाचव्या हिश्शात.
काचेवर आधीच्या मालकाच्या क्लबचं स्टिकर,
नखाने खरवडून अर्धंच निघालेलं.
वाशीत त्यांचं ऑफिसच्या खुर्च्यांचं दुकान.
"आमच्याही खुर्च्या बसतात हो हळूहळू,
गिऱ्हाईक मीटिंगमध्ये टेबलाखाली जातं.
सिलिंडर बदलून देतो आम्ही, साडेचारशे रुपये.
तेवढंच ना हे?"
तेवढंच, म्हटलं,
पण हजारात नाही सांगता येणार.

आधी दोन गॅरेजांनी दोन कम्प्रेसर बदललेले.
स्कॅनरने बोट तिकडेच दाखवलं होतं,
आणि तो खोटं बोलला नव्हता.
दमलेल्याचं नाव सांगतो तो,
दमवणाऱ्याचं नाही.
रात्रभर जे निसटायचं ते सकाळी भरून काढता काढता
कम्प्रेसर तापायचा, धापा टाकायचा,
शेवटी तोंड फिरवून बंद पडायचा.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा,
आणि सोसायटीच्या वॉचमनचं हसू,
ते मॅडमना दिव्यापेक्षा जास्त लागायचं.

मुदस्सरने लिफ्टवर घेतली.
साबणाचं पाणी, फवारा, बॅटरी:
व्हॉल्व्ह ब्लॉक, काळी नळी, पितळी नट,
वरचं टोक, खालचं टोक.
एक बुडबुडा नाही.
"उस्ताद, कोरडी आहे."
कोरडी असणारच.
चाकं लोंबकळताहेत, रबर ताणून सरळ झालंय,
अंगावर कुणाचं वजन नाही,
अशा वेळी कोण गळतं?

खाली घे म्हटलं. पूर्ण. तिच्या पायांवर उभी कर.
मग खड्ड्यात उतरलो,
कंबरेला नको म्हणत असताना मान वळवली,
दाताच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा काडीला बांधून
चाकामागे सरकवला.
जिथे रबर स्वतःवरच दुमडतं,
त्या घडीत, आतल्या बाजूला,
केसाएवढी चीर.
मोहरीएवढा बुडबुडा आला. फुटला.
बराच वेळ काही नाही.
परत आला.

मुदस्सर ओरडला, जसं काही आम्ही पाणी शोधलं होतं.

पार्ट यायला नऊ दिवस लागले.
कम्प्रेसरचा रिलेही बदलला,
तो चिकटून बसायचा, तेही एक कारण होतं;
नळीचं टोक ब्लेडने काटकोनात कापलं,
नट हाताने बसवला, मग पान्याने, बेताने.
आधी हवा भरली, मगच वजन टेकवलं.
उलटं केलं की नवीन रबर पहिल्याच दिवशी चुरगळतं.

"आणि उजवी बाजू?" मॅडमनी विचारलं.
ती पण त्याच वर्षाची आहे, म्हटलं.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं,
महापेच्या एका ऑफिसची ऑर्डर होती, साठ खुर्च्या,
पैसे अजून यायचे होते.
"एकच करा."

त्या रात्री परत मापं घेतली.
पहाटे पाचला डावी सत्तेचाळीस,
मागच्या दोन्ही सत्तेचाळीस.
उजवी पुढची साडेसेहेचाळीस.

बिलात ते लिहायला रकाना नव्हता.
पत्र्यावरचे तीन तुकडे काढले,
चौथ्यावर तारीख घातली आणि तसाच ठेवला.
मॅडमनी तो पाहिला, काही बोलल्या नाहीत.
गाडी ठाणे-बेलापूर रोडला लागली तेव्हा
उन्हात तेवढाच एक पांढरा तुकडा दिसत होता,
एक कडा सुटून
वाऱ्यावर फडफडत.